शनिवारच्या विहिरी

पाण्यावर बोलण्याचा अधिकार कुणाला, याबद्दल माझं मत बरीच वर्षं पक्कं होतं. ज्याला खडक कळतो त्याला. बाकीच्यांनी ऐकावं. असं मी चारचौघांत कधी म्हटलं नाही, कारण ते शोभलं नसतं. पण समाजकार्याचा किंवा अर्थशास्त्राचा कुणी पाण्यावर बोलायला उभा राहिला की मी मोबाइल काढायचो, हे माझ्या विद्यार्थ्यांना ठाऊक होतं.

वर्ध्यात भूशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला. आमच्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तरी आर्वी, आष्टी, कारंजा या वरच्या तालुक्यांत मार्च उलटला की विहिरींचे तळ दिसू लागतात. बाहेरून आलेल्याला याचं नवल वाटतं. खाली बेसाल्टचे थर आहेत हे माहीत असेल तर वाटत नाही. वर मुरूम, मग भेगाळलेला खडक, मग काळा पाषाण. पाणी राहतं ते मुरमात आणि भेगांत. शंभर घनफूट खडकातून दोन-तीन घनफूट पाणी हाती लागलं तरी पुष्कळ म्हणायचं. श्रावणातच ही जागा भरून जाते आणि पुढचा पाऊस नाल्यांनी वर्धा नदीला मिळतो. हे फळ्यावर काढून दाखवलं की सगळं स्पष्ट व्हायचं. निदान मला तरी.

माझ्या ताठ्याला एक खरं कारणही होतं, आणि ते सांगितलं नाही तर मनोगत अर्धवट राहील. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू झालं आणि नाल्यानाल्यांत पोकलेन उतरले. मुरमाच्या खाली, पाषाण फोडून नाला खोल केला तर शेजारच्या विहिरींचं पाणीच नाल्यात झिरपून येईल, असं मी सांगत होतो. तेव्हा फारसं कुणी ऐकलं नाही. पुढे प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, जोसेफ समिती बसली, खोलीकरणाला मर्यादा हव्यात हे सरकारी कागदावर आलं. २०२० मध्ये महालेखापरीक्षकांनी या अभियानाच्या फलितावर कडक ताशेरे ओढले. मी बरोबर ठरलो होतो. एकदा असं बरोबर ठरलं की माणसाला पुढची काही वर्षं स्वतःला तपासून पाहण्याची गरज वाटेनाशी होते. माझं तसंच झालं.

अशात वर्ध्यातल्याच एका संस्थेने पदव्युत्तर आणि पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांची पाण्यावर परिषद ठरवली. विषयाचं बंधन नव्हतं. स्थापत्य अभियांत्रिकी, भूशास्त्र, कृषी, कायदा, सार्वजनिक आरोग्य, समाजकार्य, सगळे एकाच मांडवाखाली. मला परीक्षक म्हणून बोलावलं. मी होकार दिला, कारण नकार द्यायला निमित्त नव्हतं. मनात म्हटलं, आता दोन दिवस ‘पाणी म्हणजे जीवन’ ऐकायचं.

आणि ऐकलंही. त्या परिषदेतले निम्मे निबंध मला आजही सुमार वाटतात. अभियांत्रिकीच्या एका मुलाने संगणकावर नदीचं इतकं देखणं प्रारूप केलं होतं की त्यात नदी कुठे आहे ते सापडेना. कायद्याच्या एका मुलीचा निबंध मात्र धारदार होता. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर नको, हे महाराष्ट्रात १९९३ पासून कायद्यात आहे. पण हे पाचशे मीटर गावात मोजतो कोण, एवढंच ती विचारत होती. मी गुण बरे दिले आणि शेऱ्यात लिहिलं, ‘भूजलशास्त्रीय बाजू कच्ची.’ हा माझा ठरलेला शेरा. कुठेही चालायचा.

दुसऱ्या दिवशी भित्तिपत्रकं होती. समाजकार्य शिकणारी एक मुलगी, यवतमाळकडची. कारंजा तालुक्यातल्या दोन लागून असलेल्या गावांत बायका पाणी भरायला कोणत्या वारी, कोणत्या वेळी जातात, हा तिचा विषय. तिने त्यांच्याबरोबर राहून तास टिपले होते. मी नेहमीचा प्रश्न टाकला, “सॅम्पल किती?” तिने आकडा सांगितला. लहान होता. मी मान हलवली, त्या हलवण्याचा अर्थ तिलाही कळला असणार.

तरी तिने समजावून सांगायचं सोडलं नाही. एकाच शनिवारी एका गावातल्या बायका पहाटे विहिरीवर असतात आणि शेजारच्या गावातल्या दुपारनंतर. का? कारण दोन्ही गावांच्या शेतपंपांचे वीजफीडर वेगळे. शेतीला तीन फेज वीज दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास, अशी पाळीपाळीने मिळते. आठवड्यातले काही वार दिवसाची लाईन, काही वार रातची. रातची लाईन असेल तर शेतकरी ऑटो-स्टार्टर लावून झोपतो, पंप रात्रभर ओढतो आणि सकाळी विहीर तळाला गेलेली असते. एका बाईचं वाक्य तिने जसंच्या तसं लिहिलं होतं: “रातची लाईन असली का सकाळी इहिरीत बादली बुडत नाई, दुपारपर्यंत थांबाव लागते.”

मी ऐकत होतो ते अर्ध्या कानाने. माझी नजर तिने हाताने काढलेल्या नकाशावर होती. दोन फीडरांची हद्द तिने तांबड्या रेषेने दाखवली होती. रेषा नाल्याला समांतर जात होती, मग एका मोठ्या संत्राबागेपाशी पश्चिमेला वळून रस्त्याला मिळत होती. तो बाक माझ्या ओळखीचा होता.

ती रेषा मी काढलेली होती. त्याच दोन गावांत मी काही वर्षं विहिरींच्या पातळ्या मोजल्या होत्या. नाल्याच्या अल्याडच्या विहिरी आणि पल्याडच्या विहिरी यांच्या पातळीत जवळजवळ प्रत्येक खेपेला फरक निघायचा, तोही एकाच दिशेचा. म्हणजे मधे पाणी अडवणारा काहीतरी घट्ट थर असणार. मी नकाशावर त्या थराची हद्द आखली, तिला इंग्रजीत भारदस्त नाव दिलं आणि निबंध छापून आणला. मी ज्याला खडकाची भिंत म्हणत होतो ती वीज कंपनीच्या दोन फीडरांची सीमा होती.

तिला मी यातलं काही सांगितलं नाही. “चांगलं आहे” म्हणून पुढच्या पत्रकापाशी गेलो. तिथे काय होतं ते मला आठवत नाही.

त्या रात्री मी स्वतःशी वाद घालून पाहिला. योगायोग असेल. फीडर टाकताना नाल्याची कड धरली असेल आणि खडकही तिथेच बदलत असेल. असं होऊ शकतं. पण मग मला आठवलं की मी मोजायला जायचो ते शनिवारी. कॉलेजला सुट्टी, गाडी मोकळी, सकाळी लवकर निघालं की जेवायला घरी. जवळजवळ सगळ्या मोजण्या शनिवारी सकाळच्या. म्हणजे त्या हंगामांत एक फीडर शनिवारी कायम रातच्या लाईनवर आणि दुसरा दिवसाच्या असला, तर माझी टेप दर खेपेला एका बाजूला नुकतीच उपसलेली विहीर मोजत होती आणि दुसऱ्या बाजूला रात्रभर भरून आलेली. आमच्या खडकात उपसलेली विहीर भरून यायला तास न् तास लागतात, हे तर मीच वर्गात शिकवतो. मोजण्याआधी पंप बंद असावा, हेही शिकवतो. मी पोचायचो तेव्हा पंप बंदच असायचा. लाईन गेलेली असायची ना!

रजा टाकून बुधवारी गेलो. फरक उलटा निघाला. जी बाजू खाली असायची ती वर होती. विहिरीच्या काठावर उभा राहून मी टेप पुन्हा सोडली, कारण हाताने चूक केली असावी अशी आशा होती. आशाच म्हणतो.

माझ्या वह्यांत काही नोंदींभोवती वर्तुळं आहेत. सुट्टीचे वार सोडून कधीतरी घेतलेल्या, बाकीच्यांशी न जुळणाऱ्या नोंदी. मी त्या ‘सदोष’ म्हणून गाळल्या होत्या. बहुधा त्याच तेवढ्या काही सांगत होत्या.

यापेक्षा जास्त लागलं ते वेगळंच. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे पीएच.डी. करणाऱ्या एका मुलीने प्रबंधात शेतकऱ्यांच्या मुलाखतींचं एक प्रकरण लिहिलं होतं. कोण किती वाजता पंप लावतो, पाळी कशी ठरते, भांडणं कशावरून होतात. ‘हे भूशास्त्र नाही’ असं म्हणून मी ते काढायला लावलं. ती रडली नाही, वादही घातला नाही. आमच्याकडे मार्गदर्शकाशी वाद घालत नसतात. तिने ते काढलं आणि पदवी मिळवली. मार्गदर्शक म्हणून माझं नाव त्या प्रबंधावर आहे. मी तिला शिकवलं काय, तर डोळ्यांसमोरचं न पाहण्याची शिस्त. अलीकडे तिला फोन करून ते प्रकरण मागितलं. ती आता एका बँकेत आहे. म्हणाली, “सर, तो लॅपटॉपच गेला.” वाईट वाटून घेऊ नका, असंही म्हणाली, आणि ते ऐकणं जास्त अवघड होतं.

वर्ध्यात राहून मला हे कळायला इतका वेळ लागावा, याची लाज वाटते. मगनवाडीवरून मी रोज जातो. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला आणि जे. सी. कुमारप्पा तिथे काम करू लागले. त्याआधी हाच हिशेबतपासनीस गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना घेऊन खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्यात गावोगाव हिंडला होता आणि तिथल्या लोकांच्या मिळकतीची, शेतीची पाहणी त्याने १९३१ साली प्रसिद्ध केली होती. ही माहिती मला होती. आलेल्या पाहुण्यांना मी ती सांगायचोही. त्यात माझ्या धंद्याशी संबंधित काही आहे, असं मात्र वाटलं नव्हतं.

काकडदऱ्याचंही तसंच. आर्वी तालुक्यातल्या या कोलाम वस्तीने २०१७ मध्ये पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपमध्ये राज्यात पहिला नंबर मिळवला. मी वर्गात काकडदरा शिकवायचो ते उतार, मातीची खोली, समतल चर यांच्यासाठी. ४५ दिवसांच्या स्पर्धेतलं श्रमदान एका वाक्यात उरकायचो, जणू चर आपोआप खणले गेले.

परिषदेनंतर त्या भित्तिपत्रकवाल्या मुलीला मी पत्र लिहिलं, तिने माझा नकाशा पाहिलेला नव्हता, तो पाठवला. उत्तरात तिने एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्या प्रबंधाचा उल्लेख केला. अर्थशास्त्राचं नोबेल २००९ मध्ये मिळवणाऱ्या या पहिल्या महिला, एवढं मला माहीत होतं. पण राज्यशास्त्राच्या विद्यार्थिनी असताना १९६५ मध्ये त्यांनी लिहिलेला प्रबंध भूजलावर आहे, हे माहीत नव्हतं. लॉस एंजेलिसजवळच्या वेस्ट बेसिनमध्ये उपसा इतका झाला की समुद्राचं खारं पाणी आत शिरू लागलं, तेव्हा पंपवाले एकत्र येऊन उपशावर तोडगा कसा काढतात, हा त्यांचा विषय. मी वाचायला घेतला. खडकाबद्दल त्यात फार नाही. मी त्या प्रबंधाचा परीक्षक असतो तर काय शेरा मारला असता, ते वर लिहिलंच आहे.

आता मोजणीच्या तक्त्यात दोन रकाने वाढलेत: आज लाईन कधीची, आणि पंप शेवटचा कधी बंद झाला. जुन्या वर्षांचं फीडरचं वेळापत्रक मिळवायचा प्रयत्न केला, ते कुणी जपून ठेवलेलं नाही. त्यामुळे माझा छापलेला निबंध दुरुस्त करता येत नाही, फक्त मागे घेता येतो. तसं पत्र मी संपादकांना पाठवलं आहे.

त्या मुलीशी मात्र अजून एकमत झालेलं नाही. तिचं म्हणणं, पातळी बायका पाणी भरतात त्या वेळी घ्या, कारण गावाला पाणी मिळतं ते तेव्हाचं. माझं म्हणणं, विहीर पूर्ण भरून आल्यावर घ्यायला हवी, नाहीतर एका वर्षाची दुसऱ्या वर्षाशी तुलना होणार नाही. यात परिषदेतला कृषीचा एक विद्यार्थी येऊन पडला आहे. आंबिया बहार धरायला डिसेंबरात बागा ताणावर सोडतात आणि जानेवारीत ताण तोडतात, तेव्हा सगळे एकदम पाणी देतात, म्हणून तुमची जानेवारीची मोजणी दोन्ही पद्धतींनी चुकणार, असं तो म्हणतो. राज्याची भूजल यंत्रणा ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशा चार वेळा मोजते म्हणून मीही तेच महिने धरले होते. त्याला ताण तुटायच्या आधीची एक मोजणी जादा हवी आहे. सध्या तिघांच्या तीन वेळा धरून मोजायचं ठरलंय. गाडीचा खर्च वाढणार आहे, आणि तो कोणत्या शीर्षाखाली दाखवायचा हे आमच्या लेखा विभागाला समजावणं बाकी आहे.