उभ्या गाडीची भूक

बसून खाल्ले तर डोंगरही सरतो, असे आपण रिकामटेकड्या माणसाला ऐकवतो. उभ्या मोटारीच्या बॅटरीलाही ही म्हण तंतोतंत लागू पडते, हे मला शेजारच्या नानांमुळे कळले.

नाना निवृत्त मुख्याध्यापक. चिरंजीव अमेरिकेत. पुण्यातल्या आमच्या इमारतीच्या आवारात नानांची छोटी मोटार बारमाही उभी असते. "विकून टाका," असे सगळे सांगतात. नाना म्हणतात, "हिला दमा आहे. रात्रीबेरात्री दवाखाना गाठायचा झाला तर?" म्हणून दर रविवारी खाली उतरून ते पाच मिनिटे इंजिन चालू ठेवीत आणि समाधानाने वर येत.

श्रावणात एके दिवशी गाडीने हूं की चूं केले नाही. मेकॅनिकने मीटर लावला. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. ही १२ च्याही खाली गेलेली. नाना चक्रावले. "अहो, दर आठवड्याला चालू करतो मी!"

"आजोबा, घड्याळ नि अलार्म आठवडाभर थोडं थोडं खातच असतात," तो म्हणाला. "त्यात गाडी चालू करताना मोठा घास जातो. पाच मिनिटांत तो खड्डा कसा भरणार? अर्धा तास फिरवून आणत जा."

अशी बॅटरी अर्धपोटी उभी राहिली, की तिच्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे धरतात आणि हळूहळू घट्ट होतात. मग भरू म्हटले तरी ती पुरती भरत नाही. १८५९ साली प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने ही जातकुळी जन्माला घातली, तेव्हापासूनचा हा तिचा स्वभाव!

चिरंजीवांचा फोनही रविवारीच येतो. कसे आहात, औषध घेता ना, बरं ठेवतो. पाच मिनिटांत कारभार आटोपतो. त्या रविवारी मात्र बॅटरीचा विषय निघाला आणि चिरंजीव खुलले. त्यांच्याकडे मिनेसोटात चाकांवरचे घर आहे. तिकडे त्याला आरव्ही म्हणतात. हिवाळाभर ते बर्फात उभे असते. रिकामी बॅटरी उणे दहा अंशांच्या आसपास गोठून फुटू शकते. भरलेली त्याहून कितीतरी कडक थंडी सोसते. म्हणून ते आधी बॅटरी पूर्ण भरतात, मग ऋण बाजूची तार सोडवून ठेवतात, किंवा साडेतेरा व्होल्टच्या आसपास राखणारा लहानसा चार्जर लावून देतात. नाना शंका विचारीत होते, मुलगा समजावीत होता. फोन पाऊण तास चालला. नानांना इतके टवटवीत मी कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते.

आता नवी बॅटरी आली आहे. रविवारी नाना काकूंना घेऊन पाषाणच्या तळ्यापर्यंत जाऊन येतात. परवा जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "प्राध्यापक, दिवाळीत फराळाला या. पण पाच मिनिटं टेकायला येणार असाल, तर येऊ नका. अर्धा तास काढून या!"