काम कुछ नई, घरमेच रैती

२०२७ च्या जनगणनेची सगळी चर्चा जातीच्या रकान्यावर चाललीये. व्हायलाच हवी. पण त्याच फॉर्मात अजून एक रकाना असतो, ज्यावर कुणी भांडत नाही: काम. त्याबद्दल लिहितेय. जरा लांब झालंय, वेळ काढून वाचा.

काही वर्षांपूर्वी एका अभ्यासासाठी मी सोलापुरात प्रश्नावली घेऊन घरोघरी फिरले. आधी पूर्व भागातली पद्मशाली तेलुगू घरं, मग मुस्लिम वस्त्या. दोन्हीकडे चित्र एकच. दाराजवळ उजेडाला बसलेली बाई, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. "काय काम करता?" विचारलं की उत्तर यायचं, "काम कुछ नई, घरमेच रैती." बोलताना बोटं थांबायची नाहीत. पान गुंडाळलं, दोरा बांधला, तोंड मुडपलं, पुढची विडी. "मग हे काय?" म्हटलं की हसायच्या. "ये तो बस बिडी है." तेलुगू घरांतही हेच, फक्त मराठीत आणि सोलापुरी हेल काढून.

मजुरी हजार विड्यांवर. हजार वळायला अख्खा दिवस जातो आणि तो दिवस सलग मिळत नाही. मध्ये पाणी येतं, भाकऱ्या असतात, पोरांची शाळा असते. पानं भिजवायला सासू, कापायला शाळेतून आलेली मुलगी. कार्ड एकीच्या नावावर, हात तिघींचे. वर माल जमा करताना खराब म्हणून जेवढ्या विड्या बाजूला काढल्या, तेवढी मजुरी गेली.

आता कागदावर ही बाई कोण ते बघा. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यानं घरी वळणारीलाही कामगार मानलं होतं. (तो कायदा आता नव्या कामगार संहितेत गेलाय.) राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात मात्र घरी माल आणून काम करणारे 'स्वयंरोजगार' गटात पडतात. म्हणजे उद्योजकच की! पानाचा भाव तिच्या हातात नाही, विडीचा नाही, पण उद्योजक. आणि विचारणाऱ्यानं "घरीच असते" एवढ्यावर पान उलटलं तर कोड ९२: फक्त घरकाम. मग ती देशाच्या श्रमशक्तीतच नाही.

याची किंमत असते. विडीवर पूर्वी उपकर होता. त्या पैशातून १९७६ च्या कायद्यानं विडी कामगारांचा कल्याण निधी चालायचा: दवाखाने, पोरांना शिष्यवृत्ती, घराला मदत. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हा उपकर गेला. आता पैसा सरकारनं बजेटमधून द्यायचा, आणि बजेटमध्ये मागायला गेलं की पहिला प्रश्न असतो, बाया किती?

दवाखाना लागतोच. दिवसभर मान खाली, पाय दुमडलेले. तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते, निकोटीन कातडीतूनही आत जातं. ज्या खोलीत तंबाखू, त्याच खोलीत चूल आणि पाळणा. विडीच्या बंडलावर ८५ टक्के जागा धोक्याच्या चित्राला द्यावी लागते, ती ओढणाऱ्यासाठी. वळणारीसाठी कुठंच काही छापलेलं नाही. विडी बंद व्हावी असं मलाही वाटतं. पण या बायांना दुसरं काम काय देणार, हे आधी ठरवून.

मुस्लिम बायकांमध्ये घरबसल्या कामाचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त आहे, हे सच्चर समितीनं २००६ मध्येच लिहिलंय. यावर "त्यांच्यात बाहेर पडू देत नाहीत" अशी कमेंट येणार, म्हणून आधीच सांगते. पद्मशाली बायाही घरीच वळतात, तिथं कुठं बुरखा आहे? कारखान्यात बसवायचं तर मालकाला जागा, संडास, पाळणाघर द्यावं लागतं. घरी वळून घेतलं की जागा तिची, लाईटबिल तिचं, पाळणा तिचा. रीतिरिवाज असतीलही, पण हा हिशेब मालकाच्या सोयीचा आहे.

२०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता. पुरुषांची ९७ मिनिटं, तीही जे करतात त्यांची, आणि करणारे शंभरात सव्वीस. वळण्याचे तास या २९९ मध्ये नाहीत.

कामगार म्हणून उभं राहिलं की काय होतं तेही सोलापुरातच दिसतं. कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत आहे. नरसय्या आडम मास्तर आणि या बायांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, तेव्हा २००६ मध्ये मनमोहन सिंगांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. "घरमेच रैती" म्हणत बसल्या असत्या तर एक वीटही मिळाली नसती.

माझ्या यादीत शिक्षक पुष्कळ आहेत, त्यातले बरेच प्रगणक म्हणून फिरतील. सर, मॅडम, एक विनंती. दारात पुरुष आला तरी बाईंना बोलवा. "काम करता का?" विचारून थांबू नका. काल सकाळी उठल्यापासून काय काय केलं, ते विचारा. विडी, पापड, शिलाई, फुलांचे गजरे, काय निघेल ते निघेल. दोन मिनिटं जास्त जातील, आणि तुम्हाला मानधन किती तुटपुंजं मिळतं तेही ठाऊक आहे. तरी विचारा.