कोण जिंकला असता?

ज्या प्रश्नाचा निकाल कधींच लागूं शकत नाहीं, त्याच प्रश्नावर मनुष्य सर्वांत अधिक आवेशानें भांडतो. उद्यां पाऊस पडेल कीं नाहीं हा वाद उद्यां मिटतो. शेजाऱ्याची भिंत आपल्या हद्दींत आली कीं काय हा वाद मोजणीदार येऊन मिटवितो. परंतु एका काळचा वीर दुसऱ्या काळच्या वीरापुढें उभा राहिला असता तर काय झालें असतें, या वादाला कोणी मोजणीदार नाहीं.

आमच्या घरीं हा वाद मुष्टियुद्धावरून होतो. वाचकांस हा विषय अंमळ विजोड वाटेल. आमच्या वहिनींनाही तो तसाच वाटतो. "दोन धडधाकट माणसें एकमेकांचीं तोंडें फोडतात, त्यांत पाहण्यासारखें तें काय?" हा त्यांचा प्रश्न बिनतोड आहे, आणि आजवर आमच्यापैकीं कोणींही त्यास उत्तर दिलेलें नाहीं. माझे चुलते तात्या हे महंमद अलीहून दोन वर्षांनीं लहान. अली जन्मला १९४२ सालीं. हेवीवेट मुष्टियुद्धाचा इतिहास अलीपाशीं संपला, अशी तात्यांची ठाम समजूत आहे. माझा पुतण्या कॉलेजांत आहे, आणि त्याचें दैवत इंग्लंडचा टायसन फ्युरी, उंची सहा फूट नऊ इंच.

"तात्याआजोबा, तुमच्या अलीचें वजन पंचाण्णव किलो. फ्युरीचें सव्वाशेंच्या घरांत. तो नुसता अंगावर रेलला तरी अली खालीं बसेल!"

"अरे, रेलायला अली जागेवर सांपडायला नको का?"

पुतण्याचा मुद्दा हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. हेवीवेट गटास वजनाची वरची मर्यादा नसते. रॉकी मार्सियानो हा १९५२ ते १९५६ पर्यंतचा जगज्जेता, एकूणपन्नास लढतींत एकदांही न हरलेला. पण त्याचें वजन सुमारें चौऱ्याऐंशी किलो. आज तो उभा राहता तर त्याला खालच्या गटांत पाठविलें असतें. परंतु तात्यांच्या हातीं एक हुकूम आहे. १८ मे २०२४ रोजीं रियाध येथें युक्रेनच्या ओलेक्झांडर उसिकनें याच फ्युरीस गुणांवर हरविलें, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत पुन्हा हरविलें. उसिक त्याच्याहून सहा इंच बुटका. "म्हणजे अलीच्याच उंचीचा," असें तात्या प्रत्येक वेळीं सांगतात, जणूं आम्ही तें प्रथमच ऐकत आहों.

खरी अडचण वजनाची नाहींच. लढत कोणत्या नियमांनीं लावावयाची? अलीच्या काळीं अजिंक्यपदाच्या लढतीस पंधरा फेऱ्या असत. १९८२ सालीं डुक कू किम हा कोरियन तरुण चौदाव्या फेरींत कोसळून पुढें वारला, आणि त्यानंतर फेऱ्या बारांवर आल्या. त्याही मागें जावें तर १९१० सालीं रीनो येथें जॅक जॉन्सन व जिम जेफ्रीझ यांची लढत पंचेचाळीस फेऱ्यांची ठरली होती! जो पंचेचाळीस फेऱ्यांसाठीं दम राखतो आणि जो बारांसाठीं राखतो, त्यांचीं शरीरें आणि स्वभावसुद्धां निराळे घडतात. शिवाय योद्धा अर्धा आपल्या प्रतिस्पर्ध्यानें घडविलेला असतो. जो फ्रेझर नसता तर अलीच्या अंगीं सोसण्याचें बळ किती, हें अलीलाही कळलें नसतें. अशा मनुष्यास त्याच्या काळांतून उपटून दुसऱ्या काळांत लावूं गेलें तर हातीं येतें काय? नांव आणि आंकडे.

आंकड्यांवरून निकाल लावण्याचा उद्योग अमेरिकेंत खरोखरच झाला. १९६७ सालीं मायामी येथील मरे वोरोनर नांवाच्या नभोवाणी-निर्मात्यानें निरनिराळ्या काळांतील सोळा हेवीवेट वीर निवडले, त्यांच्या गुणदोषांचे आंकडे गणकयंत्रास पुरविले, आणि यंत्राच्या निकालाबरहुकूम काल्पनिक लढतींचें धावतें वर्णन लोकांस ऐकविलें. अंतिम लढतींत मार्सियानोनें जॅक डेम्प्सीस तेराव्या फेरींत लोळविलें. अली त्याआधींच, शतकाच्या आरंभींच्या जेफ्रीझकडून, हरला. हें त्यास फार झोंबलें. व्हिएतनामच्या युद्धासाठीं सैन्यांत जाण्याचें नाकारल्यामुळें त्याच वर्षीं त्याचें अजिंक्यपद काढून घेण्यांत आलें होतें. रिंगणांत तोंवर त्याला कोणी हरविलें नव्हतें, आणि आतां एका यंत्रानें हरविलें! त्यानें बदनामीबद्दल दहा लक्ष डॉलरांचा दावा लावला.

तडजोड झाली ती विलक्षण. अली व मार्सियानो यांनीं कॅमेऱ्यापुढें लढल्याचा अभिनय करावा आणि निकाल पुन्हा यंत्रावर सोंपवावा, असें ठरलें. १९६९ च्या उन्हाळ्यांत मायामींतील एका बंद दालनांत हा खेळ चालला. मार्सियानो पंचेचाळीस वर्षांचा, निवृत्त होऊन तेरा वर्षें झालेला. त्यासाठीं तो पन्नासएक पौंड वजन उतरवून आला, आणि टकलावर केसांचा टोप चढवून उभा राहिला. त्या साऱ्या चित्रपटांत मला तो टोपच सर्वांत खरा वाटतो. एकेक मिनिटाच्या सत्तरांहून अधिक फेऱ्या चित्रित झाल्या, शेवटही निरनिराळे घेतले गेले. ३१ ऑगस्ट रोजीं, आपल्या शेहेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशीं, मार्सियानो विमान-अपघातांत गेला. २० जानेवारी १९७० रोजीं चित्रपट एकाच रात्रीं सुमारें दीड हजार चित्रगृहांतून दाखविण्यांत आला, आणि अमेरिकेच्या प्रेक्षकांनीं पांच महिन्यांपूर्वीं वारलेल्या मनुष्यास तेराव्या फेरींत अलीला पाडतांना पाहिलें. ब्रिटनमध्यें दाखविलेल्या चित्रपटांत मात्र अली जिंकला. हें यंत्र अलाबामांत बनविलेलें असावें, असा टोला अलीनें मारला. काळ्या लोकांच्या छळासाठीं तो प्रांत तेव्हां कुप्रसिद्ध होता. थट्टेंतला कांटा ज्याला कळावयाचा त्याला कळला.

वस्तुतः दोन काळांची गांठ रिंगणांत पुष्कळदां पडलेली आहे. फक्त तेव्हां एक जण म्हातारा असतो, म्हणून आपण ती लढत हिशेबांत धरीत नाहीं. जेफ्रीझला १९१० सालीं निवृत्तींतून ओढून काढलें तें गोऱ्यांची लाज राखण्यासाठीं. पंधराव्या फेरींत त्याचा निकाल लागला. २६ ऑक्टोबर १९५१ रोजीं न्यूयॉर्क येथें सदतीस वर्षांच्या, प्राप्तिकराच्या देण्यानें बेजार झालेल्या जो लुईसला मार्सियानोनें आठव्या फेरींत दोरांपलीकडे पाडलें. लुईस हें मार्सियानोचें आराध्यदैवत होतें; जिंकल्यावर तो लुईसच्या खोलींत जाऊन रडला. आणि २ ऑक्टोबर १९८० रोजीं लास व्हेगास येथें अडतीस वर्षांचा अली आपल्याच पूर्वीच्या सरावाच्या जोडीदारापुढें, लॅरी होम्सपुढें, उभा राहिला. दहा फेऱ्या त्यानें नुसता मार खाल्ला, तेव्हां त्याचा शिक्षक अँजेलो डंडी यानें लढत थांबविली. त्या रात्रीं होम्सही रडला. चार वर्षांनीं अलीच्या कंपवाताचें निदान झालें.

वादाच्या भरांत पुतण्यानें एकदां हीच लढत मोबाइलवर लावली. तात्यांनीं दोन फेऱ्या पाहिल्या, चष्मा काढून घरांत ठेवला, आणि कांहीं न बोलतां ते गच्चीवर निघून गेले. पुतण्या पोरसवदा खरा, पण समजूतदार आहे. त्यानें तें बंद केलें. रात्रीं जेवतांना तोच म्हणाला, "तात्याआजोबा, यापुढें प्रत्येकाचा सर्वांत चांगला दिवस घ्यायचा. बाकीचे दिवस बाद." तात्यांनीं मान हलविली. तेव्हांपासून आमच्या घरच्या लढतींत कोणी म्हातारा होत नाहीं, कोणाचा कर थकत नाहीं, कोणाचे हात कांपत नाहींत.

दिवसही ठरले आहेत. अली घ्यावयाचा तो १४ नोव्हेंबर १९६६ चा, ज्या दिवशीं ह्यूस्टनला त्यानें क्लीव्हलंड विल्यम्सला तिसऱ्या फेरींत संपविलें. फ्युरी २२ फेब्रुवारी २०२० चा, डिऑन्टे वाइल्डरला सातव्या फेरींत नमविणारा. पंच म्हणून माझा कौल असा. अलीला हात खालीं सोडून मान सरळ मागें खेंचण्याची खोड होती. ज्याच्या पसरलेल्या हातांचा पल्ला त्याच्याहून सात इंच अधिक, त्याच्यापुढें ही खोड महाग पडेल. पहिल्या सहा फेऱ्यांत फ्युरी पुढें राहील. पण एवढें वजन घेऊन त्या पायांमागें धांवणें दहाव्या फेरीनंतर कोणालाही झेपणार नाहीं, आणि शेवटच्या फेऱ्या अलीच्या. सारांश, गुणांवर अली, तोही निसटता.

पुतण्या म्हणतो, लढत आजच्या नियमांनीं, बारा फेऱ्यांची. तात्या म्हणतात, पंधरा. गेले चार महिने या तीन फेऱ्यांवर घोडें अडलें आहे. वहिनींनीं साडेतेराची सूचना केली होती. ती दोघांनींही एकमतानें फेटाळली.