जुन्या बारोलोचा गाळ
इटलीच्या पिएमोंते प्रांतात नेब्बिओलो द्राक्षांपासून होणारी बारोलो ही वाइन विक्रीपूर्वी किमान 38 महिने, त्यांपैकी 18 लाकडी पिंपात, मुरवावी लागते. परंतु तिचे खरे प्रौढपण बाटलीत येते. तेथे टॅनिन, म्हणजे जिभेला तुरट कोरडेपणा आणणारी द्रव्ये, वर्षानुवर्षे परस्परांशी जोडली जाऊन गाळरूपाने तळाशी बसतात, तुरटपणा मवाळ होतो आणि लाली विटकरी छटेकडे झुकते. अशी बाटली आदल्या दिवशीच उभी ठेवून वाइन गाळावरून हलक्या हाताने निथळून घेणे हा यजमानाचा पहिला, आणि कदाचित सर्वांत प्रेमाचा, पाहुणचार होय. बारोलोतच तासन्‌तास मंद आचेवर शिजवलेले गोमांस, ज्याला तिकडे ब्रासातो म्हणतात, मित्रांच्या ताटात वाढले जाईपर्यंत पेल्यातला सुकलेल्या गुलाबांचा गंध हळूहळू उलगडत असतो, म्हणून पहिला पेला घाईने रिकामा करणे ही मोठीच हानी.