दिशांची मर्यादा

बोईसरच्या बाजारपेठेत, रेल्वे स्थानकापासून हाकेच्या अंतरावर, नट-बोल्ट, बेअरिंग आणि यंत्रांच्या पट्ट्यांचे एक जुने दुकान आहे. गल्ल्यामागच्या फळीवर, लक्ष्मीपूजनाच्या वह्यांशेजारी, तांबड्या कापडी बांधणीच्या आणखी तेवीस वह्या उभ्या आहेत. जमाखर्चाशी त्यांचा काही संबंध नाही. घरातली मुले ज्यांना दादाजी म्हणतात आणि सारी पेठ ज्यांना शेठजी म्हणते, त्या दुकानाच्या वयोवृद्ध मालकांनी आपल्या तीर्थयात्रांचे वर्णन त्यांत लिहून ठेवले आहे. गेल्या आषाढ शुद्ध चतुर्दशीला त्यांनी तेविसावी वही मिटली आणि चोविसावी घातली नाही.

चोवीसचा आकडा तरी पुरा करा, असे अनेकांनी सुचवले. आकडा मंगल आहे हे खरेच. परंतु केवळ आकड्यासाठी वही घालावी आणि वहीसाठी यात्रा करावी, हेच तर त्यांना थांबवायचे होते.

दादाजींचे वडील मारवाडातून इकडे आले तेव्हा तारापूरच्या अणुवीज केंद्राचे बांधकाम चालू होते. १९६९ मध्ये त्या केंद्रातून वीज मिळू लागली आणि पुढे औद्योगिक वसाहत वाढली. वसाहतीचे नाव तारापूर, पण ती वसली बोईसरच्या अंगाला. बाहेरगावच्या व्यापाऱ्यांचा माल या नावाच्या गोंधळात कितीदा चुकीच्या ठिकाणी उतरला, हा जुन्या मंडळींचा आवडता विषय आहे. दादाजींचे शिक्षण मराठी शाळेत झाले. घरात मारवाडी, देरासरात गुजराती आणि लिहायला मराठी, अशी त्यांची वाटणी पहिल्यापासून राहिली.

पहिली वही आणीबाणी उठली त्या वर्षीच्या दिवाळीनंतरची. नवपरिणीत पत्नीसह ते कार्तिकी पौर्णिमेला पालिताण्यास निघाले. चातुर्मासात बंद असलेली शत्रुंजयाची यात्रा त्या दिवशी पुन्हा सुरू होते, हे वाचकांना सांगावयास नकोच. सिहोरला गाडी बदलणे, पहाटेच्या अंधारात तलेटीवर जमलेली गर्दी, साडेतीन हजारांवर पायऱ्या, आणि वर पोहोचल्यावर पत्नीच्या पायाला आलेले फोड, हे सारे त्यांनी बारीक अक्षरात लिहिले. पानाच्या कडेला मात्र व्यापाऱ्याच्या सवयीने खर्च मांडला. पुढील सर्व वह्यांत हीच पद्धत राहिली: मधोमध भाव, कडेला हिशेब.

लोकांना उपयोग झाला तो कडेचाच. सम्मेतशिखरास, शंखेश्वरास, आबूस किंवा विदर्भातील शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनास निघालेले पालघर, बोईसर, डहाणूचे साधर्मिक आधी दुकानात येत. कोणत्या धर्मशाळेत खोली हवेशीर आहे, भोजनशाळा सूर्यास्तापूर्वी किती वाजता बंद होते, उकळलेले पाणी कोठे मिळते, डोलीवाल्याशी दर कोठे ठरवावा, हे सारे वहीत असे. एक जण वही नेई, परत आणताना मिठाईचा पुडा आणी. मांगलिक महाराजांचे आणि वही शेठजींची, असे पेठेत गमतीने म्हटले जाई. दादाजींना ते मनातून आवडत असे. हे आवडणे पुढे त्यांनी स्वतःच एका पानावर नोंदवून ठेवले आहे, खर्चाच्या बाजूला.

एका चातुर्मासात व्याख्यानातून त्यांना आचार्य जिनप्रभसूरींच्या ‘विविधतीर्थकल्पा’ची ओळख झाली. खरतरगच्छाचे हे आचार्य चौदाव्या शतकात गावोगाव विहार करीत तीर्थांचे कल्प रचत गेले. वैभारगिरीच्या कल्पावर विक्रम संवत १३६४ आहे आणि संपूर्ण ग्रंथाची समाप्ती संवत १३८९ मध्ये, म्हणजे इसवी सन १३३३ साली, दिल्लीत झाली. मुहम्मद तुघलकाच्या दरबारात मान मिळालेले हे साधू देवगिरीपर्यंत आले होते. पैठण आणि नाशिक यांवर त्यांचे स्वतंत्र कल्प आहेत आणि तीर्थांच्या नामावलीत सोपाऱ्याचेही नाव आहे. पंचवीस वर्षे चाललेले लेखन एका ठरावीक दिवशी, स्थळ आणि तिथी घालून, पुरे झाले असे सांगता येते, याचे दादाजींना मोठे अप्रूप वाटले.

सोपाऱ्याचे नाव ऐकून ते थोडे ओशाळलेही. श्रीपाल राजाच्या रासात सर्पदंशातून राजकन्येला वाचवण्याचा प्रसंग आहे, तो याच नगरीतला. नवपद ओळीच्या नऊ दिवसांत तो रास वर्षातून दोनदा ऐकणाऱ्या दादाजींनी नालासोपारा मात्र असंख्य वेळा गाडीच्या खिडकीतूनच पाहिला होता. मग एका रविवारी ते उतरले. पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये उकरलेल्या स्तूपाचा उंचवटा पाहून, तळ्याकाठी बसून, संध्याकाळच्या लोकलने परत आले. खर्च नगण्य, म्हणून कडेला काही लिहिलेच नाही. ते सव्वा पान त्यांच्या वह्यांतले सर्वांत चांगले लेखन आहे, असे वाचणाऱ्याला वाटल्यावाचून राहत नाही.

त्यानंतरच्या वह्यांत मात्र एक खोट दिसू लागते. वाक्ये सजली, उपमा आल्या. एकविसाव्या वहीत त्यांनी स्वतः लिहिले आहे की, राणकपूरच्या गाभाऱ्यासमोर उभे असताना भगवंतांच्या मुद्रेकडे पाहण्याऐवजी तिचे वर्णन कसे करावे याचाच विचार मनात चालला होता, आणि बाहेर आल्यावर वर्णन तयार होते, दर्शन मात्र झाले नव्हते. त्यापुढे अर्धे पान कोरे सोडले आहे. कागद वाया न घालवणाऱ्या माणसाने सोडलेले अर्धे पान!

गुडघे कुरकुरू लागले होते. परंतु केवळ गुडघ्यांमुळे ते थांबले असते असे वाटत नाही. डोली होती, मुलगे होते, पैसाही होता. थांबण्याचे खरे कारण वेगळे घडले.

पालघरचे एक कुटुंब शिखरजीला निघाले. त्यांनी नेहमीप्रमाणे वही नेली. कुटुंबातील वृद्ध श्राविकेचे त्या दिवशी एकासणे होते, म्हणजे उकळलेल्या पाण्यावाचून दुसरे पाणी त्यांना चालणार नव्हते. डोंगरावर ते पाणी कोठे मिळते हे वहीत स्पष्ट लिहिले होते आणि त्या भरवशावर कोणी बरोबर पाणी घेतले नाही. ती नोंद बारा वर्षांपूर्वीची होती. तेथे आता काहीच नव्हते. चढ, वरची प्रदक्षिणा आणि उतार मिळून सत्तावीस किलोमीटरची ती वाट आजींनी कोरड्या घशाने पुरी केली. पायथ्याशी मधुबनात पोहोचताच त्यांना घेरी आली आणि पुढचे दोन दिवस सलाईन लावावे लागले. व्रत मोडले नाही. जीव मात्र थोडक्यात बचावला.

कुटुंबाने दादाजींना यातले अक्षरही सांगितले नाही. वही परत आली, पुडाही आला. भाद्रपदात संवत्सरी प्रतिक्रमणानंतर, सारे जण एकमेकांची क्षमा मागत असताना, त्याच आजी नातसुनेचा हात धरून दादाजींपुढे आल्या आणि हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणाल्या. सोबतच्या नातसुनेच्या तोंडून सहज हकीकत निघून गेली. दादाजींना उत्तरादाखल तेच दोन शब्द म्हणता येईनात. क्षमा कोणी कोणाची मागायची, हा क्रमच उलटा झाला होता.

दुसऱ्या दिवशी दुकान न उघडता ते पालघरला आजींच्या घरी गेले. परत आल्यावर मुलाला एवढेच म्हणाले, “मुदत संपलेला माल आपण कधी गिऱ्हाइकाला दिला नाही. मी बारा वर्षे देत होतो.”

मुलाने समजूत घातली की, नोंदी सुधारून घेता येतील, फोनवरून विचारता येईल. ते खरेही होते. पण दादाजींना आता दोन गोष्टी एकदम दिसत होत्या. नोंद ताजी ठेवायची तर पुन्हा पुन्हा जावे लागणार, आणि जावे तर ते दर्शनासाठी नव्हे, नोंदीसाठी. हिवाळाभर त्यांनी कोठे जाण्याचे नाव काढले नाही. तेवीसही वह्या घरी नेल्या आणि कडेच्या प्रत्येक हिशेबाशेजारी तांबड्या शाईने साल घातले. ज्या नोंदींची खात्री नव्हती त्यांवर आडवी रेघ ओढली. हे काम होळीपर्यंत चालले.

याच सुमारास त्यांनी दिग्परिमाण व्रताचा विचार केला. श्रावकाच्या बारा व्रतांतील हे सहावे. दाही दिशांना आपण कोठवर जाणार, याची मर्यादा स्वतः आखून घ्यावयाची. हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्रा’त यासाठी गृहस्थाला तापलेल्या लोखंडी गोळ्याची उपमा दिली आहे: तो जिकडे घरंगळेल तिकडे जीवांना पोळणार, म्हणून त्याचे फिरणे आवरलेले बरे. लोखंडाचाच व्यापार करणाऱ्याला ती उपमा समजावून द्यावी लागली नाही.

व्यापारी माणसाला हे व्रत सोपे नाही. ‘उपासकदशांगा’तील आनंद श्रावकाकडे पाहावे. वाणिज्यग्रामच्या या धनाढ्य गृहस्थाने भगवान महावीरांसमोर व्रते घेतली तेव्हा दूरच्या प्रवासाच्या पाचशे गाड्या आणि जवळच्या वाहतुकीच्या पाचशे, दूरची चार जहाजे आणि जवळची चार, अशी मोजून मर्यादा केली. म्हणजे धंदा सोडला नाही, धंद्याला काठ घातला. चौदा वर्षांनी घरचा भार थोरल्या मुलावर सोपवून तो पौषधशाळेत जाऊन बसला, आणि तेथे बसल्या जागी त्याला अवधिज्ञान झाले. लवणसमुद्रात पाचशे योजनांपर्यंतचे दिसू लागले. गृहस्थाला एवढे ज्ञान होणार नाही, असे खुद्द गौतमस्वामी म्हणाले. भगवंतांनी मात्र गौतमांनाच परत पाठवून आनंदाची क्षमा मागावयास लावली. गणधराने गृहस्थाची क्षमा मागावी, हा प्रसंग व्याख्यानात दादाजींनी अनेकदा ऐकला होता. या वेळी ऐकताना पालघरच्या आजी त्यांना आठवल्या असणार.

पत्नीला त्यांनी अगोदर विचारले नव्हते. बा चिडल्या. “व्रत तुमचे, मग मर्यादा माझ्यावर का? मला शंखेश्वरला एकदा जायचे आहे.” चाळीसहून अधिक वर्षे ज्यांच्या पायांच्या फोडांपासून पानांना आरंभ झाला, त्यांचे मत वह्यांत कोठेही नाही, हे दादाजींच्या तेव्हा प्रथम लक्षात आले. बांचे जाणे ठरले, सुनेबरोबर.

चातुर्मासासाठी आलेल्या महाराजांपुढे आषाढ चतुर्दशीला मर्यादा ठरली. उत्तरेस डहाणू, दक्षिणेस विरार, पूर्वेस मनोर. पश्चिमेला तारापूर-चिंचणीचा समुद्र, तिकडची रेघ आधीच आखलेली. आजारपण आणि घरातील अडचण यांचा आगार ठेवला. ऊर्ध्व दिशेचा प्रश्न आला तेव्हा दादाजींनी डहाणूच्या भाच्याच्या इमारतीची लिफ्ट चालेल का, असे विचारले आणि महाराजही हसले. पूर्वेला मनोरपर्यंत फारसे जाणे होत नाही, ते अंतर दक्षिणेला जोडून मुंबई गाठता येईल का, ही त्यांची दुसरी शंका. एका खात्यातील शिल्लक दुसऱ्या खात्यात वळवण्याला शास्त्रात क्षेत्रवृद्धी म्हणतात आणि तो अतिचार आहे, असे उत्तर मिळाले. “आणि शेठजी,” महाराज म्हणाले, “पाय चालत आहेत तोवर घेता आहात, हे बरे. नंतर घ्यायला उरत नाही काही.”

त्याच रात्री तेविसाव्या वहीच्या अखेरच्या पानावर त्यांनी स्थळ आणि तिथी लिहिली. ‘शुभं भवतु’ लिहून खाली सही केली, जशी दिवाळीला जुनी वही बंद करताना करतात.

चातुर्मास संपला. कार्तिकी पौर्णिमेच्या पहाटे साधूंचा विहार डहाणूच्या दिशेने निघाला. बोईसरची तीस-चाळीस माणसे सोडावयास गेली. दादाजीही काठी टेकत, वस्ती संपते तेथवर चालले. रात्रपाळी सुटलेले कामगार सायकलींवरून शेजारून जात होते. निरोप घेताना एका तरुण मुनींनी विचारले, “वाणगावला उतरण्याची सोय कोठे होईल? आपल्या वहीत आहे म्हणतात.”

नोंद दादाजींना तोंडपाठ होती: घराची खूण, पायरीची उंची, सकाळचे ऊन कोणत्या बाजूला येते तेही. त्यांनी हात जोडले.

“माझी माहिती जुनी आहे, महाराज,” ते म्हणाले आणि मागे उभ्या असलेल्या मुलाकडे वळले, “हा आत्ता फोन करून विचारून घेईल.”