सुरतेहून डांगच्या रानात

सुरत म्हटले की मराठी माणसाला १६६४ सालची शिवाजी महाराजांची स्वारी आठवते. त्या स्वारीतील एक गोष्ट आपण ख्रिस्ती लोकांनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कापुचिन संघाचे फादर अँब्रोझ त्या वेळी सुरतेत राहत असत. शहर लुटले जात असता महाराजांनी त्यांच्या मठाला धक्का लागू दिला नाही, असे बर्निए या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवले आहे. सत्याने वागणाऱ्या माणसाची कीर्ती त्याच्या दाराशी पहाऱ्याप्रमाणे उभी राहते, ती अशी.

याच सुरतेत, इंग्रजांच्या वखारीत, पीटर मंडी या प्रवाशाने १६२८ नंतरच्या काही वर्षांत दोन डोडो पक्षी पाहिले होते. ते मॉरिशस बेटावरून गलबतातून आणलेले होते. पुढे ते शतक संपण्यापूर्वीच हा उडू न शकणारा भोळा पक्षी पृथ्वीवरून कायमचा नाहीसा झाला. सुरतेच्या स्टेशनावर पहाटे उतरलो तेव्हा या दोन्ही गोष्टी माझ्या मनात घोळत होत्या, कारण मी ज्या पक्ष्याला पाहण्यासाठी निघालो होतो, तोही नाहीसा झाला असेच जग एके काळी समजत होते.

माझ्यासोबत आमच्या धर्मग्रामातील एक तरुण होता. त्याला छायाचित्रांचा छंद आहे आणि कॅमेऱ्याच्या भिंगासाठी त्याने दोन वर्षांची बचत खर्च केली आहे. अलीकडे सह्याद्रीत व सातपुड्यात पक्ष्यांची छायाचित्रे काढण्यासाठी दूरदूरची माणसे येतात आणि स्थानिक वाटाड्यांना त्यातून दोन पैसे मिळतात. आम्हीही डांगमधील अशाच एका आदिवासी वाटाड्याशी आधी बोलणे करून ठेवले होते. त्याने प्रथमच सांगितले होते, "फादर, रान दाखवीन. पाखरू दिसेलच असा शब्द देणार नाही."

सुरतेहून गाडी व्याऱ्याच्या दिशेने निघाली. प्रथम उसाचे मळे, मग मोकळी माळराने आणि पुढे एकाएकी सागाचे डोंगर लागले. सह्याद्रीची उत्तरेकडील ही शेवटची टोके. १९६० साली मुंबई राज्याची विभागणी झाली तेव्हा डांग गुजरातेत गेला. तथापि तेथील बोली आपल्या कानाला परकी वाटत नाही. साग, ऐन, कळंब, मोह आणि बांबू यांनी भरलेले पूर्णा अभयारण्य या डांगातच आहे. जानेवारीचे दिवस होते. सागाची मोठी पाने गळू लागली होती आणि पावलागणिक कुरकुर आवाज करीत होती. दूर कोठे तरी रानकोंबडा आरवत होता.

आम्हाला पाहावयाचा होता तो रानपिंगळा. आपल्या गावातील चिंचेवर बसणाऱ्या पिंगळ्याएवढाच हा लहानसा घुबडाच्या जातीचा पक्षी. १८७२ साली ब्लूइट नावाच्या अधिकाऱ्याने तो मध्य भारतात प्रथम मिळविला आणि पुढच्याच वर्षी ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. हेच ह्यूम पुढे राष्ट्रीय सभेच्या संस्थापकांपैकी एक म्हणून प्रसिद्ध झाले. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याला खानदेशात काही रानपिंगळे मिळाले. १८८४ नंतर मात्र खात्रीची अशी एकही नोंद झाली नाही. सलीम अलींसारख्या थोर पक्षितज्ज्ञालाही तो गवसला नाही.

पहिल्या दिवशी दुपारी उन्हे कलत असता एका वठलेल्या फांदीवर पिंगळा दिसला. तरुणाने धडाधड छायाचित्रे घेतली. चित्र इतके सुरेख आले की त्याचे पिवळे डोळे आपल्याकडेच रोखले आहेत असे वाटावे. मी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हटले, "हेच चित्र आपण लेखासोबत छापू." वाटाड्या मात्र गप्प होता. मग तो हळूच म्हणाला, "फादर, हा तो नव्हे. हा आपला गावचा पिंगळा. याच्या डोक्यावर पांढरे ठिपके आहेत. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ कोरे असते, डोके नि चोच मोठी, पायांवर दाट पांढरी पिसे."

तरुणाचा चेहरा पडला. थोड्या वेळाने तो अर्धवट थट्टेने म्हणाला, "फादर, आपल्या गावात कोणाला कळणार आहे?" मी हसलो. त्याला रागे भरलो नाही. खरे सांगावयाचे तर एक क्षणभर माझ्याही मनात तोच विचार येऊन गेला होता.

रात्री शेकोटीजवळ मी त्या दोघांना कर्नल माइनर्त्सहागेन याची हकिगत सांगितली. हा इंग्रज सेनाधिकारी पक्षिशास्त्रात मोठा नावाजलेला होता. १९१४ साली आपण एक रानपिंगळा मिळविला, असे त्याने नोंदवून ठेवले होते; आणि ठिकाण दिले होते तापीकाठचे मांडवी, याच सुरत जिल्ह्यातले. १९६७ साली तो मरण पावला तेव्हाही त्याची ही नोंद प्रमाण मानली जात होती. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीने संग्रहालयातील तो नमुना बारकाईने तपासला. क्ष-किरणांनी आतील बांधणी पाहिली, तेव्हा ती डेव्हिडसनच्या हातची निघाली. कर्नलने तो नमुना चोरला होता, त्यातील भरण बदलले होते आणि त्याला खोटी चिठ्ठी बांधली होती. १९९९ साली हे सारे प्रसिद्ध झाले. आपल्या प्रश्नोत्तरात सातवी आज्ञा आणि आठवी आज्ञा लागोपाठ येतात, त्याचे कारण मला त्या रात्री नीट उमगले. चोरी लपविण्यासाठी खोटी साक्ष लागते.

कोणी म्हणेल, एका मेलेल्या पाखराच्या पायाची चिठ्ठी ती काय! परंतु खोट्या चिठ्ठीवर विश्वास ठेवणारा शोधक खोट्या ठिकाणीच शोधीत राहतो. रासमुसेन यांनी ती नोंद बाजूला सारली आणि जुन्या खऱ्या नोंदींचा माग धरला. १९९७ च्या नोव्हेंबरात, बेन किंग व डेव्हिड अॅबट या सहकाऱ्यांसह, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. मधे ११३ वर्षे लोटली होती. नंतर मेळघाट, यावल, २०१४ मध्ये आपल्या ठाणे जिल्ह्यातील तानसा आणि मग या डांगातही तो आढळला. रानातली माणसे त्याला पाहत आली असतीलच. त्यांना कोणी विचारले नव्हते एवढेच.

गोष्ट संपल्यावर तरुण काही बोलला नाही. मी त्याला म्हटले, "बाळा, दुपारी हसलो ते माझे चुकले." वाटाड्याने मग आपली एक आठवण सांगितली. एका श्रीमंत मंडळींनी त्याला दुप्पट पैसे देऊ केले होते. पक्ष्याचा आवाज यंत्रावर वाजवून किंवा उंदीर बांधून त्याला जवळ बोलवावे, असा त्यांचा आग्रह होता. त्याने नकार दिला आणि ती मंडळी त्या दिवसाचीही मजुरी न देता निघून गेली. "पिल्लांचे दिवस होते," तो म्हणाला. "हाक ऐकून ते पाखरू घरटे सोडून भांडायला येते. मागे घरट्यात कोण?" त्याला पैशाची गरज नव्हती असे नव्हे. त्याचे घर मी पाहिले आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास त्याने हात वर करून आम्हाला थांबविले. रानपिंगळा इतर घुबडांसारखा रात्रीचीच वाट पाहत नाही, दिवसाउजेडीही शिकार करतो. समोर शंभरएक पावलांवर, सागाच्या फांदीवर तो बसला होता. शेपटी झटकीत होता. चोचीत सरडा होता. तरुण पुढे सरकू लागला तोच वाटाड्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. जवळच ढोली असली पाहिजे. आपण पुढे गेलो तर तो आत जाणार नाही. तरुण जागीच थांबला. मी दुर्बीण डोळ्यांना लावली. डोके कोरे होते. पुढच्याच क्षणी पक्षी पानांआड गेला. सारे मिळून एक मिनिटही झाले नसेल.

आकाशातील पाखरांकडे पाहा असे प्रभूने सांगितले, तेव्हा त्यांना पकडा किंवा जवळ ओढा असे सांगितले नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात दुःखाने म्हटले आहे की, आपल्यामुळे नाहीशा होणाऱ्या हजारो जाती यापुढे आपल्या अस्तित्वाने देवाचा गौरव करू शकणार नाहीत. सुरतेच्या वखारीतील त्या दोन डोडोंसाठी आता काही करता येत नाही. रानपिंगळ्यासाठी अजून येते. त्याला साग, ऐनाच्या जुन्या झाडांतील ढोली हव्यात, आणि ती झाडे तोडली जात आहेत.

परतताना सुरतेच्या फलाटावर तरुणाने मला कॅमेऱ्यातील दोन चित्रे दाखविली. एक पहिल्या दिवशीचे, सुरेख. दुसरे दुसऱ्या दिवशीचे. त्यात एक फांदी, पुष्कळशी पाने आणि कोपऱ्यात एक अस्पष्ट तपकिरी ठिपका. "यातले कोणते छापायचे, फादर?" त्याने विचारले, आणि मी उत्तर देण्यापूर्वीच, "एकही नको," असे स्वतःच म्हणून कॅमेरा पिशवीत ठेवला.

म्हणून, वाचकहो, या लेखासोबत चित्र नाही.