गळती सांध्यात असते

केंद्र सरकारच्या बदलीच्या नोकरीत दर तीन-चार वर्षांनी घर खोक्यांत भरावे लागते. माझ्या सामानात एक पत्र्याची पेटी असते, जिच्यात काय आहे हे सामान बांधणाऱ्या मजुरांना मला कोणत्याही भाषेत धड समजावून सांगता आलेले नाही. काचतंतूंचे विणलेले कापड, इपॉक्सी राळेचे दोन डबे, पितळेच्या बारीक नळ्या, सुया काढलेल्या सिरिंजा आणि सोनाराकडे असतो तसा एक छोटा वजनकाटा. अर्थशास्त्रात एम.ए. करून लेखापरीक्षणाच्या कामात आयुष्य घालवलेल्या माणसाच्या घरी ही सामग्री कशाला, असा प्रश्न वाचकांनाही पडेल. उत्तर साधे आहे. मी रेडिओच्या साह्याने उडवायची छोटी विमाने करतो आणि त्यांच्या इंधनाच्या टाक्या घरी तयार करतो.

हल्ली बहुतेक हौशी मंडळी बॅटरीवर चालणारी विमाने उडवतात. ते स्वच्छ आणि सोपे आहे. माझी पिढी मात्र इंजिनाच्या आवाजावर वाढली. साडेसात घनसेंटिमीटरचे एक लहान इंजिन मिथेनॉल आणि एरंडेल यांच्या मिश्रणावर चालते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतील प्रमाणित मिश्रणात 80 भाग मिथेनॉल आणि 20 भाग एरंडेल असते. पूर्ण वेगात असे इंजिन मिनिटाला साधारण 30 मिलिलिटर इंधन पिते. म्हणजे दहा मिनिटांच्या उड्डाणाला 300 मिलिलिटरची टाकी हवी. बाजारात पॉलिथिनच्या तयार टाक्या मिळतात व त्या चांगल्याही असतात; पण त्या ठरावीक आकाराच्या चौकोनी बाटल्या असतात. एखाद्या खऱ्या विमानाची प्रतिकृती करायची तर तिचे नाक निमुळते असते आणि चौकोनी बाटली त्यात बसत नाही. टाकी मागे सरकवली तर इंजिनाला इंधन ओढणे जड जाते. मग नाकाच्या आतल्या पोकळीच्या आकाराचीच टाकी करणे हा मार्ग उरतो.

कृती अशी. प्रथम थर्माकोलचा गाभा कापायचा. तापलेल्या तारेने तो लोण्यासारखा कापला जातो. पॉलिश पेपरने घासून त्याला आकार द्यायचा आणि खोकी बंद करायच्या तपकिरी चिकटपट्टीने तो गुंडाळायचा, म्हणजे राळ थर्माकोलच्या दाण्यांत मुरून टाकीचे वजन वाढवत नाही. त्यावर काचकापडाचे दोन थर राळेत भिजवून बसवायचे. येथे राळेची निवड महत्त्वाची आहे. हार्डवेअरच्या दुकानात फायबरग्लाससाठी सहज मिळते ती पॉलिएस्टर राळ. तिच्यातील स्टायरीन थर्माकोलला खाऊन टाकते. इपॉक्सी तसे करत नाही. इपॉक्सीचे दोन घटक डोळ्यांच्या अंदाजाने नव्हे, तर उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात वजन करून मिसळायचे. कापडाच्या वजनाइतकीच राळ वापरण्याचे ध्येय ठेवायचे आणि जास्तीची प्लास्टिकच्या पट्टीने निपटून काढायची. जास्त राळेने टाकी जड होते, बळकट होत नाही.

हवामानही या कामात भाग घेते. गुवाहाटीच्या पावसाळ्यात सुकलेल्या राळेवर मेणचट साय धरलेली दिसे. हवेतील बाष्प आणि राळेतील घटक यांच्या संयोगाने ती तयार होते. तिच्यावर दुसरा थर चढवला तर तो चिकटल्यासारखा दिसतो, पण चिकटलेला नसतो. आधी कोमट पाण्याने ती धुवावी लागते, मग पृष्ठभाग खरखरीत करावा लागतो. भोपाळच्या कोरड्या हिवाळ्यात ही साय दिसली नाही, पण राळ घट्ट व्हायला दुप्पट वेळ लागला.

एक दिवस थांबल्यावर पुढच्या बाजूला बुचाएवढे भोक पाडून आत ॲसिटोन ओतायचे. थर्माकोल क्षणात आक्रसतो आणि त्याचा चिकट गोळा चिमट्याने ओढून काढता येतो. पाठोपाठ चिकटपट्टीही निघते. ॲसिटोन आत फार वेळ राहू द्यायचे नाही, कारण पुरती न पिकलेली राळ त्याने मऊ पडते. आठवडाभर टाकी तशीच पिकू द्यायची, मग ती इंधनाने भरून दोन दिवस ठेवायची आणि आधीचे व नंतरचे रिकाम्या टाकीचे वजन ताडून पाहायचे. काही इपॉक्सी मिथेनॉल शोषून घेतात आणि हळूहळू फुगतात. काट्यावर वजन वाढलेले दिसले, तर ती राळ या कामाची नाही.

हे सारे झाले तरी टाकीची भिंतच काय ती तयार झाली. खरे काम त्यानंतर सुरू होते. टाकीत तीन पितळी नळ्या बसवायच्या असतात. एकीतून इंधन इंजिनाकडे जाते. तिच्या आतल्या टोकाला मऊ सिलिकॉनची नळी आणि तिला वजनदार टोक असते, म्हणजे विमान उलटे झाले तरी ते टोक इंधनाच्या मागे जाते. दुसरीतून धुराड्याचा थोडा दाब आत येतो. तिसरी भरण्यासाठी. भिंत काच आणि राळेची, नळी पितळेची. दोघांचे स्वभाव वेगळे. उन्हात दोघे सारखे प्रसरण पावत नाहीत. माझ्या पाहण्यातली एकही टाकी मधल्या भिंतीत गळलेली नाही. गळल्या त्या सगळ्या नळीपाशी किंवा बुचापाशी गळल्या.

म्हणून परीक्षा. दोन नळ्या बंद करून तिसरीतून सिरिंजने हलका दाब द्यायचा आणि टाकी बादलीतल्या पाण्यात बुडवून धरायची. कॉम्प्रेसर लावायचा नाही. टाकी फुटली तर काचतंतू डोळ्यांत जातात.

हैदराबादला असताना आमच्या वसाहतीतील सोलापूरच्या एका सहकाऱ्यांची मुलगी माझ्याबरोबर असे एक विमान करत होती. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होती. रविवारी मैदानावर तिच्या महाविद्यालयातील मित्रमैत्रिणी विमान पाहायला येणार होत्या. शनिवारी संध्याकाळी टाकी पाण्यात धरली आणि दाबाच्या नळीच्या मुळाशी एक बुडबुडा हळूहळू मोठा होऊन सुटला. दुसरा यायला पाच मिनिटे लागली.

"काका, पाच मिनिटांत एक बुडबुडा," ती म्हणाली. "उड्डाण दहा मिनिटांचे. दोन बुडबुड्यांनी काय बिघडणार आहे?"

तिचा हिशेब बरोबर होता; पण तो टेबलावर शांत बसलेल्या टाकीचा होता. वर गेल्यावर इंजिन मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेते आणि प्रत्येक फेऱ्याचा हादरा त्या सांध्याला बसतो. फट रुंदावली की दाब जातो, इंजिनाला इंधन कमी पडते, ते तापते आणि बंद पडते. गळलेले इंधन बाल्साच्या लाकडात मुरते. मिथेनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. खाली मुले क्रिकेट खेळत असतात आणि सव्वादोन किलोचे विमान त्यांच्यावरून जाणार असते. शिवाय ही टाकी तपासायला दुसरे कोणी येत नाही. 2021 च्या ड्रोन नियमांनी शिक्षण वा करमणुकीसाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या 25 किलोपर्यंतच्या प्रतिकृतींना प्रकार-प्रमाणपत्राच्या अटीतून वगळले. ते योग्यच झाले. पण त्याचा अर्थ असा की करणाऱ्यानेच स्वतःचा तपासनीस व्हायचे.

"मग उद्या काय सांगू सगळ्यांना?" तिने विचारले.

"टाकी गळते म्हणून सांग," मी म्हटले. "त्यात लपवण्यासारखे काय आहे?"

तिचा चेहरा पडला. मला वाईटही वाटले. नळी कापून बाहेर काढली तेव्हा कारण दिसले. तिच्या एका बाजूला पितळ अजून चकाकत होते. पॉलिश पेपर तेथे पोहोचलाच नव्हता आणि राळ काही न पकडता सुटून आली होती. तिने नवी नळी सर्व बाजूंनी घासली, तिच्याभोवती पितळेची एक चकती सोल्डर केली आणि कापसाचा भुगा घातलेल्या राळेने ती बसवली. आठवड्यानंतर टाकी पाण्यात दहा मिनिटे धरली. एकही बुडबुडा आला नाही. त्या रविवारी विमान उडाले.

आता माझ्या व्यवसायाकडे वळतो. ऑर्थर ओकुन या अर्थशास्त्रज्ञाने 1975 मध्ये गळक्या बादलीची कल्पना मांडली. श्रीमंतांकडून गरिबांकडे पैसा ज्या बादलीतून न्यायचा ती गळकी असते. किती गळती आपण सहन करू, असा त्याचा प्रश्न होता. अर्थशास्त्राचे विद्यार्थी या प्रश्नावर तासन् तास वाद घालतात. बादली नेमकी कोठे गळते, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. 2005 साली योजना आयोगाच्या मूल्यमापनात आढळले की केंद्राच्या साठ्यातून निघालेल्या सवलतीच्या धान्यापैकी सुमारे 58 टक्के धान्य दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांपर्यंत पोहोचत नव्हते. वर्तमानपत्रांनी त्यातली चोरी तेवढी वाचली. त्या आकड्यात लाभार्थी चुकीचे निवडले गेल्याचाही मोठा वाटा होता, म्हणजे यादी आणि प्रत्यक्ष कुटुंब यांच्यातला सांधा.

लेखापरीक्षणाच्या निमित्ताने मी अनेक राज्यांतील गोदामे पाहिली. गोदामाच्या आत नोंद बहुधा चोख असे आणि दुकानाची वहीही नीट असे. प्रश्न उभा राही तो पोते गोदामातून ट्रकमध्ये आणि ट्रकमधून दुकानात जाताना. तेथे पोत्याचे वजन न करता "50 किलो" लिहिले जाई आणि सही होई. दोन विभाग भेटतात तेथे प्रत्येकाला वाटते की वजन दुसऱ्याने केले असेल. पितळ तेथे चकाकतच राहते.

मिथेनॉलचीच गोष्ट घ्या. कारखान्यांसाठी लागणारे हे विष वैध साखळीतून निसटून दारूत मिसळते, तेव्हा माणसे मरतात. मुंबईच्या मालवणीत 2015 मध्ये 100 हून अधिक आणि तमिळनाडूतील कल्लाकुरिची येथे 2024 मध्ये 60 हून अधिक माणसे गेली. कायदे दोन्ही वेळी होते. घरातला माझा दोन लिटरचा डबा मी कुलपात ठेवतो आणि त्याचा हिशेब लिहितो, याचे घरच्यांना हसू येते. मला येत नाही.

मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गळतीच्या भीतीने कोणी दाबाची नळीही बंद केली, तर बादलीतल्या परीक्षेत टाकी उत्तम उतरेल. एकही बुडबुडा येणार नाही. पण हवा आत आल्याशिवाय इंधन बाहेर जात नाही आणि इंजिन काही क्षणांत गुदमरते. टाकीचे काम इंधन साठवणे नाही, पोहोचवणे आहे. रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा लागत नाही म्हणून म्हातारी रिकाम्या पिशवीने परतते, तेव्हा त्या महिन्याच्या तक्त्यात गळती कमी झालेली दिसते. असे तक्ते मी वाचले आहेत. लेखापरीक्षकाने वाचलेल्या धान्याबरोबर परत गेलेल्या माणसांचीही मोजदाद मागितली पाहिजे.

तरुण अधिकाऱ्यांना प्रशिक्षणात मी एवढेच सांगतो. योजनेचे टिपण हाती आले की त्यातल्या रकमेच्या आधी सांधे मोजा. धान्य, पैसा किंवा कागद एका हातातून दुसऱ्या हातात कोठे कोठे जातो ते लिहून काढा. प्रत्येक ठिकाणी वजन कोण करतो आणि कोणत्या काट्यावर करतो, ते नाव घालून विचारा. "संबंधित विभाग" असे उत्तर आले, तर तो सांधा घासलेला नाही असे समजा आणि पाण्यात धरून पाहा.